मागची खोली आणि बाबांचे तांदूळ

आमचं घर चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, पठाणपुऱ्याच्या बाजूला. मागचं दार उघडलं की समोर गोंड राजांच्या काळातली दगडी भिंत आणि तिच्यावर सकाळ-संध्याकाळ माकडांची हजेरी. पाहुणे येतात, भिंतीचे फोटो काढतात आणि मला नशीबवान म्हणतात. भिंतीच्या इतक्या जवळ राहिलं की नवं काही बांधता येत नाही. आहे ते, आहे त्या मापात दुरुस्त करता येतं आणि तेही परवानगीचा कागद हाती आल्यावर. हे फोटो काढणाऱ्यांना मी सांगत नाही. चहा देते.

मला मागे एक खोली हवी होती, बाबांसाठी. आई गेल्यापासून ते मूलजवळच्या आमच्या गावात एकटेच राहत होते. वय सत्तरीपलीकडचं, घर गावाच्या टोकाला आणि टोकानंतर लगेच जंगल. दोनदा अंगणाशेजारी वाघाचे पाय उमटलेले दिसले. मी फोनवर रडले की म्हणायचे, "तो त्याच्या वाटेनं जाते, मी माह्या." इकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "लेकीच्या घरी बाप दोन दिवसाचा पाहुणा. तिसऱ्या दिवशी लाज जाते." मला भाऊ नाही. असता तरी बाबांना मी त्याच्याकडे सुखाने राहू दिलं असतं असं वाटत नाही.

बेत साधा होता. आधी खोली बांधायची, मग बापाला उचलून आणायचं. स्लॅब टाकलेली पक्की खोली, लागूनच संडास-बाथरूम. पण ते परवानगीत बसेना. मागे सासऱ्यांच्या वेळचा गुरांचा कोठा पडायला आला होता. तो दुरुस्त करा, उंची तीच ठेवा, छप्पर कवेलूचंच, म्हणजे मातीच्या कौलांचंच ठेवा, असं ठरून आलं. आठ दिवस मी घरातल्या सगळ्यांवर चिडून होते. काही दोष नसताना नवराही त्यात आला. "भिंत मी नाई बांधली," एवढंच तो म्हणाला.

मिस्त्रीने कोठ्याच्या भिंती सावरल्या, फरशी बसवली आणि छपराशी येऊन हात टेकले. "बाई, कवेलू फेरणारा माणूस आता कुठी भेटते? सगळे टिनवाले झाले." कवेलू फेरायचे म्हणजे सगळे खाली उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, सडलेल्या बांबूच्या कमच्या बदलायच्या आणि पुन्हा एकावर एक रचत आढ्यापर्यंत न्यायचं. आमच्या गावात दर उन्हाळ्यात हे काम चालायचं आणि त्यात बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. मी फोन लावला. छप्पर अडलंय एवढंच सांगितलं, खोली कोणासाठी ते गिळलं.

तिसऱ्या दिवशी बाबा एसटीने आले. खांद्यावर दुपट्टा, पिशवीत कोयता आणि काखेत एक जड थैली.

"हे काय आणलं?"

"तांदूळ."

"माह्या घरी तांदूळ नाईत का?"

"तुह्ये तुले राहू दे. मी आपले खातो. सरले का चाललो."

पायली-दीड पायली तांदूळ असतील, म्हणजे भातावर जगणाऱ्या माणसाला पंधरा-वीस दिवसांचे. लेकीच्या घरचं खायचं नाही, आपला शिधा आपण न्यायचा, ही आमच्याकडच्या जुन्या माणसांची रीत मी विसरले होते. मला इतका राग आला की त्या दिवशी भाजीत मीठ घालायचं राहिलं. हे चालणार नाही म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. रोज सकाळी स्वतःच्या हाताने थैलीतून दोन ओंजळी तांदूळ काढून द्यायचे आणि ते वेगळ्या गंजात, छोट्या पातेल्यात शिजायचे.

काम मात्र बघत राहावं असं. प्रत्येक कवेलूवर बोटाच्या पेराने ठोकायचे. खणखणीत वाजला तर वर, भदभद वाजला तर खाली. मिस्त्री सुरुवातीला हसला, चार दिवसांनी खाली उभा राहून मुकाट्याने कवेलू देऊ लागला. मी अंगणातून "सांभाळून, बाबा" म्हटलं की वरून उत्तर, "तू खाली सांभाळून राह्य."

दहाव्या दिवशी थैली निम्म्याखाली आली. बाबा छपरावर होते. मी माझ्या डब्यातले चार ओंजळी तांदूळ त्यांच्या थैलीत टाकले, वरून हात फिरवून सारखे केले आणि चोराच्या मनात चांदणं तशी दिवसभर त्यांची नजर चुकवत राहिले. रात्री ते नेहमीसारखे जेवले. मग दर दोन-तीन दिवसांनी मी हाच उद्योग करू लागले.

आमचं छप्पर झालं. मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं निघालं. मग माकडांनी आमचेच चार कवेलू फोडले. त्या माकडांना मी आयुष्यात पहिल्यांदा मनातून आशीर्वाद दिला. बाबा मागच्या खोलीत झोपू लागले, छप्पर गळते का ते पाहायला म्हणून. महिना उलटला. थैली काही सरेना.

एका दुपारी मी ओंजळ भरून थैलीवर वाकले होते आणि दारात बाबा. चुन्याची डबी घ्यायला छपरावरून खाली उतरले होते.

"काय करून राह्यली?"

"तांदूळ साफ करून राह्यली."

"महिनाभर साफच करून राह्यली." ते खाटेवर बसले. "तुह्ये दुकानातले तांदूळ नवे हायेत, बाई. शिजले का चिकटतात. माहे दोन वर्साचे जुने. पयल्याच दिवशी समजलं मले."

जन्मभर धान लावलेला माणूस, शितावरून भाताची परीक्षा करणारा. त्याच्या ताटात दुसरे तांदूळ वाढून मी स्वतःला हुशार समजत होते. शरमेने कान तापले.

"मग बोलले काऊन नाई?"

बाबा डबी उघडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बोललो असतो तं जावं लागलं असतं."

मी तिथेच खाली बसले आणि रडले. ओंजळीतले तांदूळ फरशीवर सांडले. ते काही समजूत घालत बसले नाहीत. उठले, थैली उचलली, स्वयंपाकघरात गेले. मागोमाग मी पोचेपर्यंत त्यांनी माझ्या मोठ्या डब्याचं झाकण काढून थैली त्यात पूर्ण उलटी केली होती. मग आत हात घालून तळापासून ढवळून काढलं.

"घे. आता निवडत बस, कोणते तुह्ये अन् कोणते माह्ये."

"बाबा, जुन्या-नव्याचा भात एकत्र नीट शिजत नाई," मी नाक पुसत म्हणाले. एवढी वर्षं चूल सांभाळलेल्या बाईला तेवढंच सुचलं.

संध्याकाळी एकाच गंजात सगळ्यांचा भात लावला. निम्मा गिचका झाला, निम्म्याची कणी राहिली. नवऱ्याने एक घास खाऊन माझ्याकडे पाहिलं. बाबांनी ताट पुढे केलं आणि पुन्हा भात मागितला.