भिंतीतले चौसष्ट वॉट

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. ओहमचा नियम झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण माझ्या स्वतःच्या भिंतीत काय चाललंय ते मला नाही कळलं, एका वायरमनला कळलं. आणि त्या माणसाचं मी वाटोळं केलं. दुसरा शब्द मला सापडत नाही.

उत्तरेश्वर बार्शीकडचा. चिंचवडच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होता. त्र्याण्णव साली कारखान्याने माणसं कमी केली, तेव्हा कर्वेनगरात खोली घेऊन तो घरगुती कामं करू लागला. आमच्या सोसायटीत बत्तीस बिऱ्हाडं. पंखा अडो, फ्यूज उडो, सगळ्यांच्या तोंडी एकच, "उत्तरेश्वरला बोलवा." शेजारच्या तीन सोसायट्यांनी आमचं ऐकूनच त्याला धरला होता. त्या नावावर त्याचं घर चालायचं.

वस्तूवर छापलेल्या वॉटवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "छापणाऱ्याचं काय जातंय, बाई?" म्हणायचा. वस्तू चालू करून तो व्होल्ट मोजायचा, वायरीला चिमट्यासारखा मीटर लावून अँपिअर बघायचा आणि पेन्सिलीने स्विचबोर्डाशेजारी थेट भिंतीवर गणित मांडायचा. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, गुणलं की वॉट. माझ्या नव्या डिस्टेंपरवर! मी म्हणायचे, "उत्तरेश्वर, फळा शाळेत असतो." तो हसायचा आणि तिथंच पुढचा गुणाकार करायचा.

दोन हजार साली मी निवृत्त झाले. हिंजवडीच्या कंपन्यांतल्या मुली तेव्हा खोल्या शोधत फिरत होत्या. मी चौघींना ठेवायचं ठरवलं आणि दुसऱ्या बाथरूमलाही गीझर घेतला. उत्तरेश्वरने तो बसवायच्या आधी जुनाच गीझर लावून मोजमाप घेतलं.

"मीटरपाशी दोनशे तीस हाय, अन् गीझरपाशी दोनशे बावीस. आठ व्होल्ट वाटेतच गेले. करंटबी आठच. म्हणजे वाटेत कुठंतरी एक ओहम बसलाय."

"एक ओहम म्हणजे काय डोंगर आहे का?"

"आठ आठे चौसष्ट, बाई. भिंतीत साठचा बल्ब जळतोय, उजेड तेवढा दिसत न्हाई. ॲल्युमिनियमची जुनी वायर हाय, जोड ढिला झालाय. दुसरा गीझर याच वायरीवर टाकला, तर करंट दुप्पट अन् उष्णता चौपट. अडीचशे वॉट. भिंत फोडून वायर बदलू, मग बसवतो. तोवर मी न्हाई बसवणार."

गणित बिनचूक होतं. चौपट का, हे मी दरवर्षी दहावीला शिकवत होते. पण टाइल्स नव्या होत्या, मुली एक तारखेला यायच्या होत्या, आणि खरं सांगू? वायरमनने मला ओहमचा नियम शिकवावा, हे मला झोंबलं. "मला शिकवू नका," म्हटलं, आणि दुकानातून दुसरा माणूस आणून गीझर बसवून घेतला. पंधरा दिवसांत फ्यूज दोनदा उडाला. मी त्याच माणसाकडून फ्यूजमध्ये जाड तार घालून घेतली. मग काय, फ्यूज उडायचा बंद झाला. मी खूश.

ऑगस्टात एका सकाळी बाथरूमबाहेरचा बोर्ड वितळून पेटला. नम्रता नावाची मुलगी शेजारचा टॉवेल ओढायला गेली आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला. वाचली, पण नोकरी सोडून घरी गेली.

सोसायटीची मीटिंग बसली. चेअरमननी विचारलं, "मंदाकिनीबाई, तुमच्याकडे विजेचं काम कोण करतं?"

मी म्हटलं, "उत्तरेश्वरच येतो आमच्याकडे."

वाक्य खरं होतं हो! पण शहाण्या माणसाने असं खरं बोलू नये. दुसऱ्या दिवसापासून त्याला गेटच्या आत सोडेनात. शेजारच्या सोसायट्यांनीही काम बंद केलं.

तो माझ्याकडे आला. भांडला नाही. "बाई, एवढंच सांगा त्यांना, की मी नको म्हटलं होतं." मी म्हटलं, पुढच्या मीटिंगला सांगते. पुढच्या मीटिंगला मी पहिल्या रांगेत बसले आणि काही न सांगताच चहा पिऊन घरी आले. त्याच्या पुढच्या मीटिंगला गेलेच नाही.

चार वर्षांनी त्याची बायको कौशल्या भाजीवाल्याकडे भेटली. "हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर उभे असतात," म्हणाली. "घरातला बल्बबी आता मीच बदलते." माझ्याकडे तिने रागाने बघितलंसुद्धा नाही. त्याने तिला घरी काही सांगितलंच नव्हतं.

तरी मला आणखी पाच वर्षं लागली. दोन हजार नऊच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आठ व्होल्ट, एक ओहम, जाड तार, माझं ते वाक्य. "उत्तरेश्वरचा काही दोष नव्हता, हे मिनिटबुकात लिहा," म्हटलं.

बहुतेक जुनी बिऱ्हाडं घर विकून गेली होती. चेअरमन कंपनीतला, पस्तिशीचा मुलगा. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्याने, मग अदबीने विचारलं, "सॉरी मॅडम, पण हे उत्तरेश्वर कोण?"

मी सांगायला लागले, "आपला वायरमन, अहो, सगळे त्यालाच..." तोवर मागून कोणीतरी पार्किंगचा विषय काढला होता.