आमच्या घरातल्या दोन मिसेस

माझं लग्न सतराव्या वर्षी झालं आणि एकोणिसाव्या वर्षी मी नगरला वडिलांच्या घरी परत आले. त्या दोन वर्षांत माझ्या नावामागची अक्षरं इतक्यांदा बदलली की पत्रं लिहिणाऱ्या नातेवाइकांची पंचाईत व्हायची. आधी कुमारी, मग लग्नपत्रिकेपुरती चि. सौ. कां., मग सौ., आणि नवरा विषमज्वरानं गेल्यावर गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी. एकाच नदीची दोन नावं एकोणीस वर्षांच्या मुलीमागं लावण्यात कसला मान होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

घरात आम्ही तिघंच. आई मी लहान असतानाच गेली होती. वडील, म्हणजे अण्णा, कोर्टातल्या कारकुनीतून निवृत्त झालेले. आणि अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. ती नवव्या वर्षी विधवा झाली आणि तेव्हापासून माहेरीच होती. अंगावर लाल आलवण, हातात सदा काहीतरी काम आणि तोंड भलतंच फटकळ. मी परत आले त्या दिवशी शेजारच्या बायका गळ्यात पडून रडल्या. आत्यानं मला ताट वाढलं आणि म्हणाली, "आधी जेव. रडायला जन्म पडलाय."

अण्णांनी मला पुन्हा शिकायला बसवलं, मास्तरणीची परीक्षा द्यायला लावली आणि मी पास झाल्यावर भिंगारला छावणीच्या हद्दीतल्या एका मुलींच्या शाळेसाठी अर्ज ठोकला. अर्ज अर्थातच इंग्रजीत. अण्णांना इंग्रजी अर्ज लिहिण्याचा शौक होता. नोकरी संपल्यावर तो भागवायला त्यांना कारण लागायचं.

लढाईचे दिवस होते. कागदाची इतकी टंचाई की सरकारी पाकिटंसुद्धा जुनी उलटून, वर चिठ्ठी चिकटवून पाठवत. तसलंच एक पाकीट घेऊन एका सकाळी पोस्टमन दारात उभा राहिला. तो पाथर्डीकडचा होता आणि पत्त्यापुरतं इंग्रजी त्याला येत असे.

"मिसेस कोन हाय वो तुमच्यात?" त्यानं बाहेरूनच हाळी दिली.

"आमच्यात कोणी मिसेस न्हाई," आत्यानं आतूनच त्याच्या हेलात उत्तर दिलं. "मड्डमा तिकडं भिंगारला राहतात."

"पत्ता तर हाच हाय. फुडं आडनाव बी हाय." त्यानं माझ्या सासरचं आडनाव वाचलं.

मी धावत जाऊन पाकीट घेतलं. नोकरी मिळाली होती. पत्रात तीन ठिकाणी माझ्या नावामागं इंग्रजीत मिसेस टाइप केलेलं होतं. मला आनंदानं काही सुचेना. आत्याला मात्र एकच सुचलं.

"मिसेस म्हणजे काय रे?"

"म्हणजे सौभाग्यवती," अण्णा बोलून गेले आणि जीभ चावून म्हणाले, "म्हणजे श्रीमतीच म्हण ना. म्हणजे तसं नव्हे."

"मग कसं?"

अण्णांनी फळीवरचा जाडजूड शब्दकोश काढला. त्यात लग्न झालेल्या स्त्रीच्या नावामागं लावायचा शब्द, एवढंच दिलं होतं. नवरा असावा की नसावा, याबद्दल कोशकार गप्प होते.

"चूक झालीय त्यांची," आत्यानं निकाल दिला. "कळवून टाक. उद्या कुणी म्हणेल, पोरीनं खोटं सांगून नोकरी मिळवली."

हे अण्णांना पटलं, कारण यात आणखी एक इंग्रजी अर्ज होता. ते लगेच दौत घेऊन बसले. 'नम्र विनंती अशी की माझी कन्या मिसेस नसून' इथपर्यंत त्यांनी झोकात लिहिलं आणि टाक थांबला. नसून कोण? मिस लिहावं तर ती कुमारिका ठरते, आणि माझं लग्न अण्णांनीच चांगले चार दिवस लावून दिलेलं. गंगाभागीरथीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एकदा 'विडो' लिहून पाहिलं, पण माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच खोडलं. दुपारपर्यंत त्यांनी तीन कागद खराब केले. कागदाच्या टंचाईत तीन! शेवटी वैतागून म्हणाले, "चल, कचेरीत जाऊनच विचारू."

दुसऱ्या दिवशी टांग्यानं आम्ही भिंगारला गेलो. कचेरीतले हेडक्लार्क ख्रिस्ती गृहस्थ होते, पन्नाशीचे, मराठी आमच्यासारखंच बोलणारे. अण्णांनी घसा खाकरून सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "यात चूक कुठं आहे, रावसाहेब?"

"अहो, हिचे यजमान वारलेत."

"वाईट झालं. पण मिसेस ती मिसेसच. नवरा वारला म्हणून ते काढून घेत नाहीत."

"काढून घेत नाहीत?"

"नाही. माझी आई वीस वर्षं विधवा आहे. चर्चच्या यादीत अजून मिसेसच आहे. मरेपर्यंत राहील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सोमवारपासून या, बाई. आणि सही करताना मिसेस लिहायची नसते बरं का. ते दुसऱ्यांनी म्हणायचं."

घरी आलो तर आत्या तांदूळ निवडत बसली होती. अण्णांनी तिला सगळं सांगितलं, हेडक्लार्कच्या आईसकट. खडे काढणारा तिचा हात थांबला.

"गोऱ्यांच्यात काढून घेत नाहीत?" तिनं विचारलं.

"नाही म्हणतो तो."

"नवरा कितव्या वर्षी मेला, हेही बघत नाहीत?"

"त्याचा काय संबंध, अक्का?"

"तसं नव्हे," आत्या सुपात बघत म्हणाली. "मग मीसुद्धा मिसेसच म्हणायची का?"

अण्णा हसायला गेले आणि त्यांना हसता येईना. त्यांची बहीण तेव्हा साठीला टेकली होती. पन्नास वर्षांत तिला कुणी सौ. म्हटलं नव्हतं. त्याआधी म्हटलं होतं तेही जेमतेम वर्षभर, आणि तेव्हा तिचं लक्ष सागरगोट्यांत असणार. "हो, अक्का," अण्णा म्हणाले. "कायद्यानं तूही मिसेसच."

"जळला मेला कायदा," असं म्हणून तिनं सूप पाखडलं. पण त्या दिवशी भात थोडा करपला, आणि आत्याच्या हातचा भात करपल्याचं मला एरवी कधी आठवत नाही.

त्यानंतर हा शब्द आमच्या घरात वापराला लागला. सकाळी मी शाळेला निघाले की आत्या म्हणायची, "मिसेस, डबा राहिला." तिला राग आला की अण्णा म्हणायचे, "थोरल्या मिसेसना आज काय झालंय?" त्यावर ती "लाज नाही वाटत बहिणीची थट्टा करायला?" म्हणून फणकारायची, पण शब्द मागं घे असं कधी म्हणाली नाही. दोन-चार दिवस अण्णा विसरले तर ती कुठल्या ना कुठल्या निमित्तानं त्यांच्याशी भांडण काढायची.

शाळेत मुली मला नुसतं बाई म्हणत. पण कचेरीच्या यादीत मी मिसेस होते, आणि त्या यादीनं संक्रांतीला घोटाळा केला. भिंगारच्या क्वार्टर्समध्ये नव्यानं राहायला आलेल्या एका हिशेबनिसाच्या बायकोला मोठं हळदीकुंकू करायचं होतं. ओळख कुणाशी नाही, म्हणून तिनं नवऱ्याकडून ती यादी मागवली आणि त्यात जेवढ्या मिसेस होत्या तेवढ्यांना शिपायाकरवी बोलावणं धाडलं.

मी जाणारच नव्हते. आत्याच म्हणाली, "का नाही? मिसेसना बोलावलंय ना? मग तू कसली मिसेस, ते त्यांचं त्यांना बघू दे."

"आणि अपमान झाला तर?"

"झाला तर झाला. आपल्याला सवय आहे. त्यांना नसेल."

मी गेले. मला वाटतं, मला बघायचंही होतं. दारातच यजमानीणबाई करंडा घेऊन उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या, गोऱ्या, घाबरट डोळ्यांच्या. "या, या," म्हणत त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, वर पाहिलं, आणि माझं कपाळ बघून ते बोट तसंच अधांतरी राहिलं. आत बसलेल्या बायकांची कुजबुज एकदम थांबली.

"मी फक्त तिळगूळ घ्यायला आले," मी म्हटलं.

"हो, हो. थांबा हं," म्हणत त्या आत पळाल्या आणि गुलाबदाणी घेऊन आल्या. काय करावं हे न सुचून त्यांनी माझ्यावर इतकं गुलाबपाणी शिंपडलं की मला पदरानं तोंड पुसावं लागलं. पुढं वाणाची अडचण. त्या कुंकवाच्या डब्या लुटत होत्या, आणि ती डबी मला द्यावी कशी? त्या पुन्हा आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चहाचं गाळणं होतं, नवं कोरं. ते त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "मला खरंच माहीत नव्हतं हो. पण तुम्ही परत या. अशाच या, काही नसताना."

येताना भिंगार संपेपर्यंत मला हसू येत होतं. नगरची वस्ती लागली तसं रडू आलं. टांगेवाला एकदा मागं वळला आणि पुन्हा पुढं बघू लागला. घरी आत्यानं गाळणं उलटसुलट करून पाहिलं. "डबीपेक्षा बरं," ती म्हणाली. "कामाचं आहे." पुढं त्या बाईंची माझी मैत्री झाली आणि मी खरंच काही नसताना त्यांच्याकडे जायला लागले.

त्या उन्हाळ्यात शाळेनं मला महिनाभराच्या वर्गासाठी पुण्याला पाठवलं. निघण्याच्या आदल्या दिवशी मी आत्याला म्हटलं, "या वेळी तुला वेगळं पत्र लिहीन."

"मला कशाला? अण्णाच्या पत्रात लिही की, आत्यास नमस्कार म्हणून."

"नाही. पाकिटावर तुझं नाव घालून. मिसेस लिहून."

ती "काहीतरीच" म्हणाली, पण उठून गेली नाही. आता पंचाईत अशी की पत्ता लिहायचा काय? तिच्या सासरचं आडनाव अण्णांना माहीत होतं. पण तिच्या नवऱ्याचं नाव? ते गेले तेव्हा अण्णा रांगत होते. नंतर घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. ते फक्त आत्याला ठाऊक होतं, आणि नवऱ्याचं नाव ती घेणार कशी!

"राहू दे मेलं ते," आत्या म्हणाली.

"तू सांगू नको. लिहून दाखव," मी म्हटलं, आणि मग मला आठवलं की तिला लिहिता येत नाही.

आत्यानं पदर पुढं ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि एका दमात म्हणाली:

"परकराच्या ओच्यात बोरं नि आवळे, अमुकरावांचं नाव घेते, हसू नका सगळे."

अमुक हा शब्द माझा. तिनं खरं नाव घेतलं होतं, स्पष्ट, आणि शेवटी उखाण्याला घ्यायचा तो हेलही काढला होता. आठ वर्षांची असताना कुणीतरी तिच्याकडून घोकून घेतलेला तो उखाणा असणार. मी हसले नाही. अण्णा चष्मा पुसायला ओसरीवर गेले.

"लिहिलंस?" तिनं भिंतीकडेच बघत विचारलं.

"लिहिलं."

"मोठ्यानं वाचू नको."

पुण्याहून मी पहिलं पत्र तिलाच टाकलं. पाकिटावर इंग्रजीत मिसेस, त्यापुढं तिचं लग्नातलं नाव, ते अमुकराव आणि आडनाव. आठ दिवसांनी अण्णांचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की पोस्टमननं दारात ते नाव वाचल्यावर ते स्वतःच क्षणभर "इथं कोणी नाही" म्हणणार होते. तेवढ्यात आत्या सोवळ्यातच बाहेर आली. तिनं पोस्टमनला लांबूनच तो पत्ता पुन्हा वाचायला लावला. त्यानं वाचला. ती म्हणाली, "नीट ऐकू आलं नाही." त्यानं तिसऱ्यांदा वाचला, तेव्हा समोरच्या घरातल्या दोघी बाहेर येऊन उभ्या होत्या. मग तिनं पत्र ओट्यावर ठेवायला सांगितलं.

पत्राखाली आत्याचा मजकूर होता, तिनं सांगितलेला आणि अण्णांनी उतरवून घेतलेला: "पत्र पोचलं. इकडे ऊन फार आहे. तुझ्या खोलीत पाण्याचा माठ आहे का, ते कळव. पोस्टमनला डोळ्यानं कमी दिसतं, तर पुढच्या पाकिटावर अक्षर जरा मोठं काढ."