अनुसयाबाईंच्या घरचा करंट

पाणी तापवायचा रॉड मी बॅगेतून काढला आणि अनुसयाबाईंनी तो माझ्या हातातून हलकेच काढून घेतला.

"हे परत ठेवा, मॅडम," त्या म्हणाल्या. "हे माह्या घराले एका घोटात पिऊन टाकन."

त्यांच्या घरात राहायला येऊन मला तासही झाला नव्हता. वरोऱ्याहून बदली होऊन मी ब्रह्मपुरीच्या पुढच्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आले होते. कापूस-सोयाबीनचा मुलूख सोडून धानाच्या मुलखात. गावात भाड्याने देण्याजोगी पक्की खोली एकट्या अनुसयाबाईंकडे होती. विजेचा खांब त्यांच्या दाराला लागूनच उभा होता, पण त्यावरून त्यांच्या घरात तार येत नव्हती. स्लॅबवर सोलरच्या प्लेटा होत्या, आतल्या खोलीत लाकडी फळीवर दोन मोठ्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. घर त्याच्यावर चाले.

रोज दिवेलागणीला त्या मधल्या दारात उभ्या राहत आणि विचारत, "कोनाले काय पाह्यजे?" जेवायला वाढताना विचारावं तसं. मला वह्या तपासायला दिवा हवा असे, त्यांना टीव्हीवरची मालिका. दिवसभर आभाळ भरलेलं असलं की त्या आधीच सांगून टाकत, "आज टीव्ही उपाशी राहीन, मॅडम. तुमच्या वह्या जेवू द्या." बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचा दिवस त्या कधी चुकवत नसत. त्याला त्या 'पाजणं' म्हणत.

खांबावरून तार का नाही, हे त्यांनीच मला सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, आवाज न बदलता.

"माहे मालक सकाळी बांधीत पानी सोडाले गेले अन् तारेत सापडले."

धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, रानडुकरं शिरतात, म्हणून कोणीतरी कडेने उघडी तार ओढून तिला वरच्या लाइनचा आकडा टाकला होता. पोलीस येण्याआधी ती तार कोणीतरी गुंडाळून नेली. गावाने सांगितलं, बाहेरचे शिकारी येतात डुकरासाठी, त्यांचंच काम. पोलिसांच्या कागदावरही कोणाचं नाव लागलं नाही. तेराव्यानंतर अनुसयाबाईंनी घरातलं मीटर काढायला लावलं.

"ज्यानं मालक नेला, त्याच्याच उजेडात बसून जेवू का मी?"

काही महिने त्यांनी रॉकेलच्या दिव्यावर काढले. मग त्यांचा धाकटा भाऊ मुरली पुढे झाला. तो गावातच राहायचा. चंद्रपूरला सोलर बसवणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली त्याने काम केलं होतं. त्याने प्लेटा आणल्या, बॅटऱ्या आणल्या, सगळं स्वतःच्या हाताने जोडून दिलं. बहिणीची शेतीही तोच करू लागला. त्याचं नाव त्या नुसतं कधीच घेत नसत. नेहमी 'माहा मुरली.' तो रोज यायचा, बॅटऱ्यांवरून हात फिरवायचा, पण चहासुद्धा न घेता निघायचा. "लाजते माहा मुरली," त्या कौतुकाने म्हणायच्या.

वादळात लाइन गेली की त्या गावात ती दोन-दोन दिवस येत नसे. तेव्हा अनुसयाबाईंच्या ओसरीवर मोबाइलची जत्रा भरे. मुरलीने तिथे मुद्दाम एक लांबलचक बोर्ड बसवून दिला होता. नंबर त्या लावत. आधी आला त्याचा पहिला, असा त्यांचा हिशेब नव्हता. "तिची पोरगी बाळंतपनाले दवाखान्यात हाय, तिचा आधी लावा. तुले काय, रील पाहाची हाय." शेजारच्या बांधीवाले दशरथभाऊ तर लाइन असो वा नसो, रोज संध्याकाळी बातम्या बघायला येऊन बसत. कोणी संकोचाने काही म्हटलंच तर त्या म्हणत, "ऊन काही मी विकत आनलं नाई. लावा."

त्यांच्या शेताभोवती मुरलीने झटका मशीन बसवली होती, तीही सोलरवरची. डुकराने तारेला नाक लावलं की झटका बसतो आणि ते पळतं, मरत नाही. मला त्यातलं काही कळत नसे. अनुसयाबाईंनी एका वाक्यात समजावलं होतं, "हे मारते अन् सोडते. लाइनचं धरते."

त्या वर्षी धान लोंबीवर आलं आणि डुकरांनी गावभर धुमाकूळ घातला. एका संध्याकाळी मुरली आला. म्हणाला, "बाई, मशीनची बॅटरी बसली. चार-दोन दिवस घरच्या बॅटऱ्या नेतो. इन्व्हर्टरबी नेतो, साफ करून आनतो." त्या लगेच हो म्हणाल्या. आम्ही मेणबत्त्या लावल्या. "धान वाचू दे, मंग पाहू उजेडाचं," एवढंच त्या बोलल्या.

रविवारी दुपारी मुरलीचा डबा घेऊन त्या शेतावर निघाल्या, मी सोबत गेले. मुरली बांधावर बसला होता आणि पलीकडे दशरथभाऊ आपल्या बांधीत वाकून काहीतरी करत होते. मचाणाखाली गोणपाट टाकून झाकलेलं काहीतरी दिसलं. अनुसयाबाईंनी गोणपाट उचललं. खाली त्यांच्या बॅटऱ्या होत्या, शेजारी इन्व्हर्टर, आणि त्याच्यापासून निघालेली उघडी तार बांबूच्या खुंट्यांवरून धानाच्या कडेने गेली होती. दिवसा ती बंद होती. झटका मशीन कुठेच नव्हती.

त्यांनी डबा खाली ठेवला.

"मशीन कुठी हाय?"

"खराब झाली. डुकरं आता तिले भेतच नाई, बाई."

"अन् हे काय करून राह्यला तू? घरातला करंट तारेत सोडते? याच्यानं मानूस मरते, तुले मालूम नाई का?"

मुरली खाली बघत होता. मग तो म्हणाला, अगदी थकल्यासारखा, "मले मालूम नसन त कोनाले मालूम असन, बाई."

तो काय बोलून गेला हे मला कळायला वेळ लागला. अनुसयाबाईंना लागला नाही. त्या हळूहळू बांधावर बसल्या. मुरली रडू लागला, आणि रडता रडता सगळं बोलत गेला. भाऊजी गेले त्या वर्षी त्याने शेजारची बांधी ठेक्याने केली होती. तार त्यानेच लावली होती. पहाटे काढायला जायचं होतं, त्याला झोप लागली. भाऊजी पडलेले दिसले तेव्हा आधी तार गुंडाळली आणि मग आरडाओरडा केला.

"तुह्या घरात उजेड असावा म्हनून मंग मी…"

अनुसयाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या दशरथभाऊंकडे बघत होत्या. दशरथभाऊ केव्हाच सरळ उभे राहिले होते.

"भाऊ, तुमाले मालूम होतं?"

दशरथभाऊंनी मान खाली घातली.

"अजून कोनाले?"

त्यांनी मान न उचलता गावाकडे हात केला. त्याचा अर्थ सगळ्यांना, असा होता.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर माणसं येऊ लागली. झालं ते झालं, सख्खा भाऊ आहे, त्याने काही मुद्दाम केलं नाही, त्याची लेकरं लहान आहेत. एक म्हातारी म्हणाली, "तुह्या भल्यासाठीच नाई सांगतलं, अनुसया. नवरा गेला, वरून भाऊबी गेला असता."

"माह्या भल्याचं तुमी सगळ्यायनं मिळून ठरवलं," अनुसयाबाई म्हणाल्या. "मले तेवढं कोनी इचारलं नाई. अन् इथी बसून, माह्याच बोर्डावर मोबाइल लावून, तुमी मलेच सांगत होते का बाहेरचे शिकारी आले होते."

त्या आठवड्यात त्या तालुक्याला पोलीस स्टेशनात गेल्या. मी सोबत होते. जबाब देताना त्यांचा आवाज एकदाच अडखळला. साहेबांनी विचारलं, "आरोपी तुमचा कोण?" तेव्हा त्या सवयीने "माहा" म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "भाऊ."

मुरलीला पकडून नेलं, पुढे जामीन झाला, खटला सुरू राहिला. मला वाटलं होतं, त्या प्लेटा काढून फेकून देतील. पण त्यांनी ब्रह्मपुरीहून माणूस बोलावून बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर पुन्हा जोडून घेतले. मी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "प्लेटा त्याच्या असतीन. ऊन त्याचं नाई."

ओसरीवरचा बोर्ड मात्र त्यांनी उपटून टाकला. पावसाळ्याच्या तोंडाला मोठं वादळ झालं, लाइन गेली, आणि ओसरीवर कोणी आलं नाही. अनुसयाबाईंनी त्या संध्याकाळी दिवाच लावला नाही. म्हणाल्या, उजेड दिसला की कोणीतरी येईल, आलं की काहीतरी बोलावं लागेल. बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या आणि आम्ही दोघी अंधारात समोरासमोर बसून भात खाल्ला.

त्याच जेवणात त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं.

"मॅडम, तुमाले मालूम होतं का?"

मी हातातला घास खाली ठेवला. म्हटलं, "नाही हो. मी तर मागाहून आले. मला कोण सांगणार?"

"हो. तेही खरंच," त्या म्हणाल्या.

पण आठवड्याने त्यांनी पुन्हा विचारलं. मग कधी विहिरीवर, कधी कपडे वाळत घालताना. त्या म्हणत, शाळेत कोणी बोललं असेल, पोरांनी सांगितलं असेल, दशरथभाऊ माझ्याशी बोलायचे ना. मी दर वेळी तेच उत्तर देई, आणि दर वेळी माझं मलाच ते आधीपेक्षा खोटं वाटे. त्यांच्याशी बोलताना मी शब्द निवडू लागले. त्यांना ते दिसत असणार. गावाचा मला राग होताच, पण सगळ्यात जास्त याचा आला. त्यांच्यासाठी खरं बोलणारं माणूसच त्या लोकांनी शिल्लक ठेवलं नव्हतं.

यंदा माझी बदली झाली. सामान जीपवर चढवलं. अनुसयाबाईंनी नव्या तांदळाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. डोळे भरलेले होते, माझेही. जीपवाल्याने गाडी सुरू केली, तशा त्या खिडकीशी वाकल्या आणि मला एकटीलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आता त तुमी चालल्या, मॅडम. आता त खरं सांगून टाका."

"खरंच नव्हतं माहीत," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, हसल्या, आणि माझी ओढणी दारात अडकू नये म्हणून नीट आत सारून दिली.