संत अंतोनच्या तोंडावरचा जांभळा कपडा

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर मी परत गप्प बसेन. मघाशी आई फोनवर आत्याला सांगत होती, "अहो, आमचा तो चर्चमधला नवस एकदम फळला होता!" आणि माझं डोकंच सटकलं. चार वर्षं झाली, ही बाई तेच सांगते, आणि अर्धंच सांगते. म्हणून उरलेलं अर्धं मी लिहितेय.

तर आम्ही भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. बाबा नागपूरहून इथे नोकरीला आले आणि इथलेच झाले. आमचं क्वार्टर वरच्या मजल्यावर, खाली मावशी. मावशी म्हणजे सख्ख्या नाहीत, वसईकडच्या कॅथलिक, पण अख्ख्या ब्लॉकमध्ये आमच्याशी मराठीत बोलणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे सख्ख्यापेक्षा जास्त. काका, म्हणजे मावशींचे मिस्टर, कारखान्यातच होते; ते गेल्यावर त्यांच्या जागी मावशींना कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. सकाळभर खिडकीत बसून पेशंटच्या नंबराच्या पर्च्या फाडायच्या, दुपारी चर्चमध्ये जायचं. वेदीवरचे कपडे धुणं, फुलं बदलणं, फरशीवर पडलेलं मेण खरवडणं, सगळं त्याच करायच्या. चर्चच्या बाजूच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असायची, पदराला बांधलेली. दवाखान्यात त्यांना कोणी विचारायचं नाही. चर्चमध्ये मात्र फादरसुद्धा विचारायचे, "फूल कौन से रखें?" त्या किल्लीवर मावशी जगत होत्या, मी खरंच सांगते.

आता आमच्याकडचा प्रकार ऐका. टाउनशिपमधल्या निम्म्या हिंदू बायका मंगळवारी चर्चमध्ये! कोपऱ्यात संत अंतोनचा पुतळा आहे, हातात बाळ येशू, आणि कोणीतरी अफवा सोडलेली की नऊ मंगळवार केले की काम होतं. कोणाला ट्रान्सफर थांबवायची, कोणाला जावई पाहिजे. आईला पाहिजे होते माझे बारावीच्या मॅथ्सचे मार्क. मंगळवारी तिचा गणपतीचा उपास असायचाच, म्हणजे एकाच साबुदाण्याच्या खिचडीत दोन्हीकडे हजेरी. काय हुशारी यार!

मावशींनी तिला दहादा समजावलं असेल. "वहिनी, संत अंतोन देव नाहीत हो. ते आपल्यासाठी देवाकडे प्रार्थना करतात."

"हो हो, कळलं ना," आई म्हणाली. "म्हणजे साहेबांच्या पीएसारखे. आमचं क्वार्टर पण तसंच मिळालं होतं."

मावशी हसल्या. त्यांच्या जागी मी असते तर दारच लावून घेतलं असतं.

सात मंगळवार झाले. आठव्याला आम्ही गेलो तर सगळे पुतळे जांभळ्या कापडात गुंडाळलेले. मरियामाता, संत जोसेफ, आमचे अंतोन, सगळे. डोक्यापासून पायापर्यंत, टाचण्या लावून. आई दारातच थबकली आणि माझ्या कानात म्हणाली, "यांच्यात कोणी गेलं का गं? सुतक दिसतंय."

मावशी मेण खरवडत होत्या. म्हणाल्या, "सुतक नाही वहिनी. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीचे दोन आठवडे आम्ही झाकून ठेवतो. पोटाचा उपास असतो ना, तसा हा डोळ्यांचा. बघायची सवय झालेली असते, मग बघणंच बंद होतं आपलं. म्हणून झाकायचं."

मला ते जरा भारी वाटलं, खरं सांगते. आईला नाही. घरी येताना तिचा हिशेब सुरू. "तोंडच दिसलं नाही तर दर्शन कसलं? हा मंगळवार धरायचा की नाही? आणि पुढचा नववा. बुधवारी तुझा पेपर आहे!"

"आई, मी अभ्यास केलाय."

"अभ्यास सगळेच करतात."

हे वाक्य मी एम.पी. नगरच्या कोचिंगवाल्यांना ऐकवायला पाहिजे होतं. दोन वर्षं मिनीबसला लटकून तिथे जात होते मी.

मग नववा मंगळवार. दुपारी आईने माझ्या हातात अॅडमिट कार्ड दिलं आणि म्हणाली, "जा. मावशी त्या वेळी मागे कपडे धुवत असतात, दार उघडंच असतं. दोन मिनिटं कपडा वर कर, तोंड बघ, कार्ड दाखव आणि परत ये. माझे गुडघे दुखतात, मला खुर्चीवर चढता येत नाही."

आणि मी गेले. हो, मी. अंधश्रद्धा म्हणून आईला रोज टोमणे मारणारी मी. कारण आतून माझी पण फाटलेलीच होती. कोणाला सांगू नका.

चर्च रिकामं होतं. मागच्या बाजूने बादलीचा आवाज येत होता. मी खुर्ची ओढली, चढले, टाचण्या काढल्या. दोन माझ्या हातात, दोन खाली पडून कुठे गेल्या देव जाणे. कपडा वर केला. आतमध्ये काय? रंग उडालेलं नाक आणि भुवयांवर धूळ. सात मंगळवार मी त्याच्यासमोर उभी होते आणि नाकाचा रंग उडालाय हे मला माहीतच नव्हतं. मी अॅडमिट कार्ड पुढे केलं, जसं काही तो रोल नंबर लिहून घेणार आहे. मग कपडा परत बसेना. एका खांद्यावरून ओघळायला लागला, मी ओढला तर टर्र करून शिवण उसवली. मी तसाच सोडून पळाले.

बुधवारी पेपर देऊन आले तर मावशी जिन्यात बसल्या होत्या. पदराला किल्ली नव्हती.

चर्चच्या कमिटीचे एक अंकल होते, कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. त्यांना चर्च म्हणजे शॉप फ्लोअरच वाटायचं. कोण लेट आलं, कोणाच्या चपला लाइनीत नाहीत, सगळं बघायचे. त्यांनी उसवलेला कपडा बघितला आणि चार लोकांसमोर मावशींना झापलं. "बाहरवालों को आप ही ने सिर पे चढ़ाया है," म्हणाले, आणि किल्ली काढून घेतली. पवित्र आठवड्यात! म्हणजे ज्या आठवड्यात हे लोक गुरुवारी एकमेकांचे पाय धुतात.

मी धावत वर गेले. "आई, सांगून टाकू या."

"अगं, पुढचा पेपर होऊ दे. नवस असा बोलून दाखवला तर मोडतो."

"मावशींची किल्ली गेली!"

"देतील गं परत. त्यांचं त्यांचं आपसातलं आहे ते."

आपसातलं! नवस आमचा, टाचण्या मी हरवल्या, आणि भांडण त्यांचं आपसातलं. पण मी तरी काय केलं? गुरुवारभर मी पण गप्पच बसले. पुढच्या पेपरचं पुस्तक उघडं ठेवून, तेच पान.

गुड फ्रायडेला दुपारी तीनची प्रार्थना असते. मावशी पांढरी साडी नेसून निघाल्या, तर मी मागे गेले. बाजूच्या दारापाशी त्यांची पावलं आपोआप थांबली, मग त्या वळून समोरच्या दाराने आत गेल्या, पाहुण्यासारख्या. ते मला बघवलं नाही.

आत वेदीवर काहीच नव्हतं. ना फूल, ना मेणबत्ती, ना कपडा. घंटी वाजवायची नाही, म्हणून लाकडाची खटखट. मग फादर झाकलेला क्रूस घेऊन आले. आधी थोडा कपडा सोडला आणि गायले, सगळे गुडघ्यावर. मग आणखी थोडा, परत गुडघ्यावर. मग पूर्ण. तीनशे लोक एका लाकडाकडे असे बघत होते जसं काही आयुष्यात पहिल्यांदा बघतायत. आणि मला एकदम कळलं की तो कपडा लपवायला नव्हताच. वाट बघायला होता. सगळ्यांनी मिळून वाट बघायची होती आणि मी खुर्ची ओढून नंबराच्या आधी घुसले होते, गॅस एजन्सीच्या लाइनीत घुसतात तशी. मी काही भक्त वगैरे झाले नाही हां, गैरसमज नको. फक्त लाज वाटली, आणि ती खूप वाटली.

मग सगळे चपला काढून क्रूसाचं चुंबन घ्यायला लाइनीत. मी पण. क्रूसाच्या बाजूला फोरमन अंकल, हातात रुमाल, प्रत्येकानंतर पुसतायत. माझा नंबर आला आणि माझ्या तोंडून निघालंच, आणि जोरात निघालं, "अंकल, वो कपड़ा मैंने हटाया था। मौसी को कुछ नहीं पता था।"

वर्षातली सगळ्यात शांत वेळ ती. मागची पूर्ण लाइन ऐकत होती.

"अभी? यहाँ?" अंकल पुटपुटले. रुमाल हवेतच.

"हाँ अंकल। चाबी दे दीजिए उनको।"

फादरांनी डोळे मिटून घेतले. देवाला प्रार्थना करत होते की हसू दाबत होते, मला आजही सांगता येणार नाही.

किल्ली शनिवारी सकाळी परत आली. माफी वगैरे काही नाही. पास्काच्या तयारीला मेण कोण खरवडणार, हे अंकलना आठवलं असणार. मावशींनी किल्ली पदराला बांधली आणि मला म्हणाल्या, "बोललीस, चांगलं केलंस. वेळ भयंकर निवडलीस पण."

मॅथ्सला मार्क चांगले आले. आईने पेढे आणले आणि मला म्हणाली, खाली देऊन ये. मावशींनी डबा हातात घेतला नाही. रागावल्या पण नाहीत. फक्त म्हणाल्या, "आईला सांग, स्वतः घेऊन या. मी वाट बघते."

मी वर जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "बघू, उद्या जाईन." पेढे आम्हीच संपवले. एकोणीस पायऱ्या आहेत मधे. चार वर्षांत आई त्या रोज उतरते, भाजीला, दुधाला, मंदिराला, आणि मावशींच्या दारासमोर आली की मोबाईल काढून कानाला लावते. आणि फोनवर आत्याला नवस फळल्याचं सांगते. मघाशी तिने फोन ठेवला तेव्हा मी विचारलं, "आणि मावशींचं सांगितलंस का?" तर म्हणाली, "तू ना, कुठलं काय धरून बसतेस."

म्हणून लिहितेय. तुमच्या घरी पण झालंय का असं, की नवस तुमचा, फळला तुम्हाला, आणि भोगलं शेजारच्या कोणीतरी? आणि कोणी गेलं होतं का मग त्यांच्या दारात? खरं सांगा.