"आप ही का घर है" म्हणाले, म्हणून मी गादी घेऊन गेलो

लखनौत येऊन राहिलेल्या मराठी मंडळींनो, एक सांगा यार. इथं "हो" ओळखायचं कसं?

गेल्या रविवारी इथल्या महानगर नावाच्या भागात एक खोली बघितली. मालक अंकल इतके गोड बोलत होते, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दोनदा मिठाई दिली आणि म्हणाले, "आप ही का घर है बेटा, जब चाहें आइए." मी खूश होऊन जुनी खोली सोडून टाकली. (त्यांच्याकडे एक पोपट पण आहे, तोही "आइए" म्हणतो. असो.)

आज सकाळी गादी, कुकर, बॅग घेऊन पोचलो, तर खोलीत दुसऱ्याच भाडेकरूचे कपडे वाळत होते. अंकल जराही ओशाळले नाहीत. "अरे, आप तो सामान भी ले आए! पहले चाय पीजिए."

चहा फक्कड होता. आता मला त्याचाही संशय येतो.

बाहेर येऊन ओळखीच्या सोलापूरच्या काकूंना फोन लावला. त्या वीस वर्षं इथं आहेत. हसतच सुटल्या. "अरे बाबा, किल्ली दिली होती का हातात? नाही ना? मग ते नाहीच म्हणत होते. तोंडावर नाही म्हणत नाहीत इथं."

आणि पुढं म्हणाल्या, "जाऊ दे, आमच्याकडे ये. घर तुझंच आहे."

आता आलमबागला, काकूंच्या गल्लीच्या तोंडाशी गादीवर बसलोय. काकू हे सोलापूरच्या म्हणून बोलल्या, की लखनौच्या? जाऊ का वर?