चहा टाकू का गं?

ओडालिस गेल्याचा फोन तिच्या मुलीचा, मारिसोलचा. मी इथं अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या घरी मेथी निवडत होते. "मावशी, शी इज गॉन," एवढंच ती बोलली. मावशी म्हणायला तिला आमच्याच पोरांनी शिकवलेलं. मेथी तशीच राहिली...

ओडालिस आमची शेजारीण. क्यूबातली, आफ्रिकी वंशाची. सिनेमा करणाऱ्या तिथल्या अगदी पहिल्या काळ्या बायकांपैकी एक. "सेटवर गेले की लोक माझ्या हातात झाडू द्यायचे," हे ती हसत सांगायची. राग मलाच यायचा. पहिला सिनेमा तिनं लोकांची धुणी धुणाऱ्या आपल्या आईवर काढला. तो कुणी दाखवलाच नाही. पुढं म्हातारपणी रिळं हाती आली, तर चित्र शाबूत आणि आवाज गेलेला. दुखणं बळावत होतं. मरायच्या आत आईला बोलती करायची, हा एकच ध्यास.

आईचं बोलणं तिनं स्वतःच्या आवाजात भरलं. अडलं ते शांततेपाशी. चित्रीकरण संपलं की ती सगळ्यांना मिनिटभर गप्प उभं करून नुसत्या खोलीचा आवाज टिपायची. तो संवादांखाली अंथरायचा म्हणे, गादीखालच्या सतरंजीसारखा. आईच्या स्वयंपाकघराचा तो आवाज आता आणायचा कुठून? ओळखीपाळखीतली स्वयंपाकघरं ऐकत ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, हेच.

गप्प बसणं आणि आम्ही! आधी माझ्या बांगड्या वाजल्या. दुसऱ्या खेपेला सगळं छान चाललेलं, तर माझ्या नवऱ्याला, दिलीपला, शांतता सोसेना. "चहा टाकू का गं?" मी कपाळावर हात मारला. ओडालिसनं अर्थ विचारून घेतला. "राहू दे," म्हणाली, "माझ्या आईलाही गप्प राहवायचं नाही."

सिनेमा पुरा झाला. एका छोट्या थिएटरात तिनं तो व्हीलचेअरवर बसून पाहिला. पडद्यावर हवानातली आई इस्त्री करतेय आणि मागं, अगदी दबक्या आवाजात, दिलीप चहाचं विचारतोय. अंधारात तिनं माझा हात घट्ट धरला होता. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

परवा तिचं घर रिकामं करायला गेलो. शेवटचं खोकं गाडीत गेल्यावर मारिसोलनं आईचा रेकॉर्डर काढला. "वन मिनिट, प्लीज." आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. या खेपेला दिलीप मान खाली घालून अगदी गप्प. त्याला तसं बघून मलाच राहवेना.

"चहा टाकू का गं?" मी म्हणाले.

मारिसोलनं रेकॉर्डर बंद केला नाही.