तानीची ताटी

"वनमाला गेली. घरचं सारं आटपून गेली बिचारी." त्या सकाळी काकांचा फोन आला, आणि बायकोच्या मरणाची बातमी देताना त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. धान घरात येईपर्यंत बाईला कोणी दवाखाना दाखवला नाही, आणि याला म्हणायचं आटपून जाणं! महिना होत आला, माझा संताप काही जात नाही...

सावली तालुक्यातलं आमचं गाव. काका नि वनमालाकाकू शेजारचे, त्यांची सुमन माझ्या वर्गात. धानाची रोपं लावताना, रोवणीला, आम्ही पोरी काकूंच्याच ओळीत घुसायचो, कारण चिखलात वाकल्या वाकल्या त्या गोष्ट सांगायच्या. पुढे येणाऱ्या काळाची. नदी आटलेली, गावाभोवती भिंत, पाण्यावर पहारा, आणि टाकीभर पाण्याच्या बदल्यात प्रत्येक घरानं एक पोरगी द्यायची असा कायदा. तानी नावाची पोरगी मात्र लाथेनं फाटक तोडते नि चालती होते. "तिले न्यायले कोनी राजा नाई येत?" कोणीतरी विचारायचंच. "काऊन? तिले पाय नाई का?" काकू फटकारायच्या. "हात चालवा वं!"

आमच्याकडे धान निघालं की गावोगावी नाटकं. काका नाट्यमंडळाचे अध्यक्ष. त्यांनी हीच गोष्ट नाटकाला घेतली. गावातल्या पोरी स्टेजवर चढत नाहीत, नटी वडशाहून आणतात. पण काकू हटून बसल्या. तानी सुमनच होईल, आणि शेवटी ती निघूनच जाईल. काका "बरं" म्हणाले. काकूंनी स्वतः बांबूची ताटी विणली, फाटक म्हणून. पोरीच्या लाथेसरशी उघडावी म्हणून कच्च्या सुतळीनं बांधली. दुपारी अंगणात सुमन ती धाडकन उडवायची आणि काकू टाळ्या पिटायच्या. इतकं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

नाटकाच्या दिवशी घरोघर पाहुणे येतात आणि त्याच गर्दीत सोयरिकीही जुळतात, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी वडशाची नटी येऊन उतरली. काकांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. सुमनच्या हातात चहाचा ट्रे आला. पाहुण्यांनी तिला पाहिलं, पसंतही केलं. आणि नाटकात? नटीच्या तानीनं फाटक न तोडताच पहारेकऱ्यांच्या नायकाला हार घातला, काय टाळ्या पडल्या म्हणता! बायकांच्या बाजूला काकू नुसत्या बसून होत्या. सुमनचं लग्न लागलं, दहावी राहिली ती राहिलीच.

पुढच्या रोवणीत मी विचारलं, "काकू, तानीचं मंग काय झालं?"

"पाहुण्यायले पसंत पडली," त्या म्हणाल्या. त्यानंतर गोष्ट नाही.

काकूंच्या तेरवीला मी गावी गेले. ओसरीवर माणसं काकूंची थोरवी गात होती, कधी उलटून बोलली नाही म्हणून. ऐकवेना, मी मागे गेले. नाटक झाल्यावर काकांनी ती ताटी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लावली होती, सुतळी काढून तारेनं आवळून. अजून तशीच आहे. चुलीशी सुमन घामानं निथळत होती. ताटीवर हात ठेवून म्हणाली, "हे मी एका लाथेत पाडत होती... आठवते तुले?"

"मंग पाड नं आता," मी म्हटलं. खरंच म्हटलं.

तिनं पदर खोचला, पाय उचलला.

"सुमन," ओसरीवरून काकांचा आवाज आला, "पाहुणे आले. चहा मांड."

तिनं पाय खाली घेतला आणि चहाचा गंज चुलीवर ठेवला.